क्लीव्हलँड ब्राउन्सच्या मालकांना खुले पत्र: सँपल बघितलंत, लॉट कुठाय?

श्री. जिमी हॅस्लम, सौ. डी हॅस्लम, जनरल मॅनेजर श्री. अँड्र्यू बेरी आणि नवे मुख्य प्रशिक्षक श्री. टॉड मंकेन यांस,

स.न.वि.वि.

हे पत्र मराठीत आहे आणि तुमच्यापैकी कुणालाही ते वाचता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण अमेरिकन फुटबॉलचे गेले सत्तावीस मोसम क्लीव्हलँडची माणसं तुम्हाला आणि तुमच्या आधीच्या मालकांना इंग्रजीतून घसा फोडून सांगताहेत, त्यानं काय दिवे लागले? म्हटलं, निदान आपल्या भाषेत तरी एकदा मन मोकळं करावं.

माझी ओळख एवढीच की मी कोल्हापूरची, शिवाजी पेठेतली, आणि १९९९ च्या ऑगस्टमध्ये नवऱ्याच्या नोकरीमागून ओहायोत आले. तुमचा संघही त्याच वर्षी परत आला. जुने ब्राउन्स १९९५ च्या मोसमानंतर बाल्टिमोरला गेले होते, तीन वर्षं गावाला संघ नव्हता, आणि १२ सप्टेंबर १९९९ ला नव्या संघाचा पहिला सामना होता. शेजारच्यांनी आम्हाला बोलावून टीव्हीसमोर बसवलं. पिट्सबर्गनं आपल्याला ४३-० असं धुतलं. मला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्या घरातले आजोबा टीव्ही बंद न करता शेवटपर्यंत बसून राहिले, ते मात्र कळलं. कोल्हापुरात फुटबॉलला पाटाकडीलकडून शिवाजी मंडळ हरलं की शाहू स्टेडियमवरून घरी येणारे माझे मामा अगदी असेच दिसायचे. जेवायचे नाहीत, बोलायचे नाहीत, आणि पुढच्या सामन्याला पुन्हा तिकीट काढायचे.

तर फुटबॉलचा नाद मला तुम्ही लावलेला नाही. हा हातानं खेळायचा फुटबॉल तेवढा तुमच्याकडून शिकले. त्यातला क्वार्टरबॅक म्हणजे काय, हे इकडच्या मराठी वाचकांसाठी एका वाक्यात सांगते: जवळपास प्रत्येक खेळीला चेंडू आधी ज्याच्या हातात येतो, आणि समोरून अंगावर येणारे सव्वाशे-दीडशे किलोचे गडी पोचायच्या आत, अडीच-तीन सेकंदांत, तो कुणाकडे फेकायचा हे ज्याला ठरवावं लागतं, तो. तुम्ही १९९९ पासून चाळिसाच्या वर माणसं या जागी उभी करून पाहिलीत. माझ्या पुढच्या रांगेत बसणाऱ्या सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थांच्या जर्सीवर पाठीमागे चिकटपट्टी लावून ती सगळी नावं लिहिलेली आहेत. खांद्यापासून सुरुवात झाली होती, आता कमरेच्या खाली आली आहेत.

मुद्द्यावर येते. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात खेळाडूंचा बाजार उघडेल आणि त्यात मॅलिक विलिस हा क्वार्टरबॅक असेल. तुमच्या टेबलावर त्याची फाइल नसेल यावर माझा विश्वास नाही. फाइलमध्ये काय असणार तेही माहीत आहे. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजातून येणारे नवे खेळाडू संघ आळीपाळीनं निवडतात त्यात, टेनेसीनं त्याला तिसऱ्या फेरीत, ८६ वा घेतला. तिथे तो सुरुवातीपासून तीन सामने खेळला. कॅन्सस सिटीविरुद्ध १६ पैकी ५ पास पोचले. ऑगस्ट २०२४ मध्ये ग्रीन बेनं ड्राफ्टच्या सातव्या फेरीतल्या एका निवडीच्या हक्कावर, म्हणजे भाजीवर कोथिंबीर मिळावी तशा भावात, त्याला उचललं. मग तिथला मुख्य क्वार्टरबॅक जॉर्डन लव्ह जखमी झाला, विलिस दोन सामने खेळला, दोन्ही जिंकले. त्या मोसमात त्याचे ५४ पैकी ४० पास पोचले, इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्या संघानं मधेच झेललेला पास, एकही नाही. गेल्या डिसेंबरात बाल्टिमोरविरुद्ध पुन्हा संधी मिळाली. संघ ४१-२४ हरला, पण पोरगं छान खेळलं. मंकेनसाहेब, तुम्ही तेव्हा बाल्टिमोरच्याच बाजूला उभे होतात, त्यामुळे तुम्ही तर डोळ्यांनी पाहिलं आहे.

चार वर्षांत सुरुवातीपासून खेळलेले सामने सहा. आणि आता प्रश्न असा की अशा पोरावर तीन-चार वर्षांचा, कोटींच्या हमीचा, म्हणजे पोराला सोडलं तरी द्याव्याच लागणाऱ्या पैशांचा, डाव लावायचा का?

मी पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात परचेसला आहे. पंपाची बॉडी, इम्पेलर, असे ओतीव भाग मी बाहेरून मागवते. हा धंदा माझ्या रक्तात आहे. वडील शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत होते, त्यांच्या शर्टाला कायम जळक्या वाळूचा वास यायचा. दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्याकडे एका नव्या फाउंड्रीचं सँपल आलं. काय देखणं होतं! कडा साफ, माप मायक्रोमीटरला बरोबर, पृष्ठभागावर हात फिरवावासा वाटावा असा. आम्ही भाळलो. तीन वर्षांचा करार, बरीचशी रक्कम आगाऊ. त्यावर माझीही सही आहे. पहिला लॉट मशीनवर चढवला आणि कटर आत गेल्याबरोबर पोकळ्या दिसायला लागल्या, लहान लहान, वाळलेल्या पावाला असतात तशा. अर्ध्याहून जास्त माल रिजेक्ट. रात्री वडिलांना फोन केला, रडवेल्या आवाजात सगळं सांगितलं. ते म्हणाले, "सँपल काय, सगळेच घासून पाठवतात. तू लॉट का न्हाईस मागवला?"

विलिसचं सँपल कुणी घासलं, ते बघा. इंडियानापोलिसविरुद्धचा तो पहिला विजय, १६-१०. त्या सामन्यात ग्रीन बेनं ५३ वेळा चेंडू घेऊन धाव घेतली आणि विलिसनं पास फेकले फक्त १४. मुख्य प्रशिक्षक मॅट लाफ्लरनं नव्या पोराला अवघड जागी एकदाही उभं केलं नाही. यात विलिसची बदनामी नाही. सांगितलं ते काम त्यानं चोख केलं. पण त्या सामन्यातलं कौशल्य निम्म्याहून जास्त घासणाऱ्याचं आहे, आणि घासणारा ग्रीन बेतच राहणार आहे.

ग्रीन बेचं एक कौतुक सांगायला हवं. ती क्वार्टरबॅकची रोपवाटिकाच आहे. तिथल्या बाकावरून मार्क ब्रुनेल जॅक्सनव्हिलला गेला आणि दुसऱ्याच वर्षी त्या नव्या कोऱ्या संघाला उपांत्य फेरीपर्यंत घेऊन गेला. मॅट हॅसलबेक सिअॅटलला गेला आणि सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, खेळला. पण त्याच बाकावरून मॅट फ्लिनही आला, आणि त्याची गोष्ट तुम्ही भिंतीवर फ्रेम करून लावावी. १ जानेवारी २०१२. डेट्रॉइटविरुद्ध फ्लिननं पासांवर ४८० यार्ड अंतर कापलं आणि ६ टचडाउन (चेंडू समोरच्याच्या टोकापलीकडे पोचवणं) फेकले. सामना ४५-४१. सुरुवातीपासून खेळलेला हा त्याचा आयुष्यातला दुसरा सामना. दोनच महिन्यांनी सिअॅटलनं त्याला तीन वर्षांचा करार दिला, १ कोटी डॉलर हमीचे. आणि त्याच वसंतात, कुणाचं लक्ष नसताना, ड्राफ्टच्या तिसऱ्या फेरीत रसेल विल्सन नावाचा एक बुटका मुलगा घेतला. सराव सामन्यांतच विल्सननं फ्लिनची जागा घेतली आणि २०१४ च्या फेब्रुवारीत सुपर बोलमध्ये सिअॅटलनं डेनव्हरला ४३-८ लोळवलं.

लोक ही गोष्ट फ्लिनला हसायला सांगतात. मला त्यात दुसरंच दिसतं. सिअॅटलनं एका वेळी दोन कच्चे मोहरे घेतले, दोघांवर मिळून लावलेला पैसा परवडेल एवढाच ठेवला, आणि सरावात जो सरस ठरला त्याला मैदानात पाठवलं. ज्याला जास्त पैसे दिले त्यालाच खेळवलं पाहिजे, ही इज्जतीची गाठ त्यांनी मनाला मारून घेतली नाही. अमेरिकेतल्या मोठ्या मोठ्या कंपन्यांना हे जमत नाही, हे मी परचेसमध्ये बसून रोज बघते.

उलट बाजू ह्यूस्टनची. २०१६ मध्ये ब्रॉक ऑस्वायलर डेनव्हरकडून जेमतेम सात सामने सुरुवातीपासून खेळला होता. ह्यूस्टननं त्याला चार वर्षांचे ७ कोटी २० लाख डॉलर देऊ केले, त्यातले ३ कोटी ७० लाख हमीचे. त्या वेळच्या नियमानुसार बाजार उघडायच्या आधीच्या बोलण्यांत खेळाडूशी थेट भेटसुद्धा होत नसे, बोलणी सगळी एजंटशी. आपल्याकडे निदान कांदेपोहे तरी होतात हो. इथे मुलगा न बघताच त्याच्या मामाशी बोलून साखरपुडा उरकला. वर्षभरात ह्यूस्टनला तो इतका नकोसा झाला की त्याला घेऊन जा म्हणून त्यांनी वर दुसऱ्या फेरीची एक निवड दिली.

कुणाला दिली? तुम्हाला! मार्च २०१७. तुम्ही त्याचा १ कोटी ६० लाखांचा पगार अंगावर घेतलात, मोसम सुरू व्हायच्या आत त्याला सोडून दिलंत, आणि ती दुसऱ्या फेरीची निवड जपून ठेवून २०१८ मध्ये तिच्यावर चेंडू घेऊन धावणारा निक चब घेतलात. निक चब! ज्याच्या नावाची जर्सी माझ्या लेकीनं चार वर्षं शाळेत घातली. दुसऱ्याच्या घाईतून स्वतःचा फायदा कसा काढायचा, हे तुम्हाला एकदा उत्तम जमलं होतं. आवळा देऊन कोहळा काढलात. म्हणून तर पुढचं जास्त लागतं.

कारण पाच वर्षांनी तुम्ही तोच कोहळा त्याच ह्यूस्टनला परत नेऊन दिलात, वर अख्खी वाडी. मार्च २०२२, ह्यूस्टनचा क्वार्टरबॅक डेशॉन वॉटसन. पहिल्या फेरीच्या तीन निवडी, शिवाय खालच्या फेऱ्यांतल्या आणखी, आणि पाच वर्षांचे २३ कोटी डॉलर, पैन् पै हमीचे. त्याच्यावर अनेक महिलांनी केलेल्या आरोपांचा विषय याहून कितीतरी गंभीर आहे आणि एक बाई म्हणून मला तेव्हा स्टेडियममध्ये जाववत नव्हतं, पण ते या पत्रात एका ओळीत उरकायचं नाही. फक्त खेळाचं बोलू. पहिल्याच वर्षी ११ सामन्यांचं निलंबन, मग खांदा, मग टाच. पहिल्या तीन मोसमांत १९ सामने, गेल्या मोसमात एकही नाही. त्याच्यासाठी आधीच्या ज्या क्वार्टरबॅकला, बेकर मेफिल्डला, तुम्ही पाचव्या फेरीच्या एका निवडीवर घालवलंत, त्यानंच तुम्हाला १९९४ च्या मोसमानंतरचा पहिला प्लेऑफ (बाद फेरीतला) विजय मिळवून दिला होता, तोही पिट्सबर्गमध्ये, ४८-३७. त्या रात्री आमच्या गल्लीत भर थंडीत लोक भांडी बडवत होते.

आता लक्षात घ्या, वॉटसन कच्चा नव्हता. तो सिद्ध झालेला होता. तीनदा प्रो बोलला, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंत, एका मोसमात साऱ्या लीगमध्ये सर्वांत जास्त यार्ड. म्हणजे तुमच्या इतिहासातला सगळ्यात महाग खड्डा सिद्ध मालावर पडलेला आहे. मग कच्चा घ्यायचा की पक्का, हा वाद घालत टीव्हीवाले रात्र काढतात, त्यात मला काडीचा रस नाही. परचेसला आम्ही विचारतो ते एवढंच: ऑर्डर केवढी, आगाऊ किती, आणि माल खराब निघाला तर बाहेर पडायचं दार कुठे.

हे तुम्हाला जमत नाही असंही नाही, कारण गेल्या वर्षी तुम्ही अगदी हेच केलंत आणि सगळ्या देशानं तुम्हाला हसून घेतलं. २०२५ च्या ड्राफ्टमध्ये दोन क्वार्टरबॅक: तिसऱ्या फेरीत डिलन गॅब्रिएल, ९४ वा. पाचव्या फेरीत शेडूर सँडर्स, १४४ वा, चार वर्षांचे मिळून साधारण ४६ लाख डॉलर. ज्या लीगमध्ये २०२५ मध्ये एका संघाची वर्षाची खर्चमर्यादा २७ कोटी ९२ लाख होती, तिथे ही चहापाण्याची रक्कम. मी तेव्हा तुमच्या बाजूनं सगळ्यांशी भांडले. दोन सँपल, दोन्ही स्वस्त, लावा मशीनवर.

पण मशीनवर लावलंत कसं? १६ नोव्हेंबरला मी स्टेडियममध्ये होते. बाल्टिमोरविरुद्ध मध्यंतराला आपण १६-१० पुढे. गॅब्रिएलच्या डोक्याला मार बसला आणि दुसऱ्या अर्धात सँडर्स आला. सगळं स्टेडियम उभं राहिलं, माझ्या थर्मासच्या झाकणातला चहा पुढच्या गृहस्थांच्या त्या जर्सीवर सांडला, त्यांना कळलंसुद्धा नाही. आणि मग एकेक पास जमिनीवर पडायला लागला. १६ पैकी ४ पोचले, ४७ यार्ड. झेलणारा डावीकडे वळायचा, चेंडू उजवीकडे जायचा. दोन अनोळखी माणसं एकमेकांना दार उघडून देताना अडखळतात तसं. सामना २३-१६ गेला. नंतर कळलं, पहिल्या फळीबरोबर त्या पोराला सराव असा जवळजवळ मिळालाच नव्हता. पुढच्याच आठवड्यात पूर्ण सराव करून तो लास व्हेगासला गेला आणि २४-१० जिंकून आला.

जर्सीवर पट्टी लावायचं काम त्या दिवशी माझ्याकडे आलं, गृहस्थांचा हात थरथरतो. मी गमतीनं 'सँडर्स' असं देवनागरीत लिहिलं. त्यांनी मान वळवून बघायचा प्रयत्न केला, विचारलं, "स्पेलिंग बरोबर आहे ना?" म्हटलं, "आमच्याकडे असंच लिहितात." तेवढ्यावर ते खूश.

सँडर्सचा हिशेब मी फुगवून सांगत नाही. सुरुवातीपासून खेळलेले ७ सामने, ३ जिंकले, ४ हरले, ७ टचडाउन, १० इंटरसेप्शन. हा काही हिरा नाही. पण हा लॉट आहे, सँपल नव्हे, आणि अजून अर्धाच तपासून झालाय. तो तपासून व्हायच्या आत तुम्ही विलिसवर तीन वर्षांची हमी लावलीत तर पैशाच्या वजनानं विलिसच खेळणार, आणि सँडर्स पुढच्या वर्षी दुसऱ्याच कुणाकडून आपल्याविरुद्ध खेळताना दिसणार. मेफिल्डचं तेच झालं. टँपानं त्याला २०२३ मध्ये एका वर्षाचे सुमारे ४० लाख दिले, पूर्ण मोसम बघितला, आणि मग तीन वर्षांचे १० कोटी. सॅम डार्नल्डला मिनेसोटानं २०२४ मध्ये एका वर्षाचे १ कोटी दिले, त्यानं १४ सामने जिंकून दिले. मिनेसोटानं त्याला जाऊ दिलं, सिअॅटलनं १७ सामन्यांचा लॉट बघून १० कोटींची ऑर्डर दिली, आणि याच महिन्यात तो सुपर बोल जिंकला. टाकून दिलेला माल होता तो. न्यूयॉर्कनं टाकलेला, कॅरोलायनानं टाकलेला.

तेव्हा विलिसला बोलवा, जरूर बोलवा. एक वर्ष, फार तर दोन, हमी फक्त पहिल्या वर्षाची, आणि सँडर्सशी खुली टक्कर. दुसऱ्या कुणी जास्त दिले तर हसून रामराम म्हणा. त्याचा भाव वर जाणार आणि तो दुसरीकडे जाणार, असंच मला वाटतं. त्याचं भलं होवो, त्यानं फार वाट बघितली आहे.

वाचलेला पैसा पुढच्या फळीवर घाला. क्वार्टरबॅकच्या समोर उभे राहणारे तुमचे भरवशाचे गडी म्हाताऱ्या गुडघ्यांचे झालेत आणि करार संपत आलेत. १९९९ मध्ये टिम काउचला तुम्ही देशातला पहिला नंबर म्हणून आणलंत आणि पहिल्याच मोसमात तो ५६ वेळा जमिनीवर आपटला. साचा तडकलेला असला की वरून कितीही चांगलं लोखंड ओता. यंदा पहिल्या फेरीच्या दोन निवडी आहेत तुमच्याकडे. फक्त २२ व्या क्रमांकाच्या आसपास क्वार्टरबॅक घ्यायचा मोह झाला तर कृपया कार्यालयाला कुलूप लावून घरी जा. ब्रॅडी क्विन, ब्रँडन वीडन, जॉनी मॅन्झिएल, तिघेही २२ वे होते. मी अंधश्रद्ध नाही, पण आमच्या आजीनं इतक्यांदा ठेच लागलेल्या उंबऱ्यावर लिंबू उतरवून टाकलं असतं.

आणखी एक, जाता जाता. शेजारच्या ब्रूक पार्क गावाला छताचं नवं स्टेडियम बांधायला निघालात, त्यासाठी राज्यानं ६० कोटी डॉलर मंजूर केले, तेही लोकांनी न मागितलेल्या, विसरलेल्या ठेवींच्या पैशातून. आमचं एका जुन्या अपार्टमेंटचं डिपॉझिट १९९९ पासून कुठेतरी अडकलेलं आहे. म्हणजे कदाचित मी तुमची भागीदारच आहे. भागीदार म्हणून विचारते, ऑर्डरवर सही करण्याआधी लॉट तपासला का?

मोसमी तिकिटाच्या नूतनीकरणाचं पत्र आलं आहे. भाव वाढवलात. मी भरणार आहे.

कळावे,
आपल्या पाठीमागून ओरडणारी,
शिवाजी पेठ, कोल्हापूर. हल्ली मुक्काम ओहायो
फेब्रुवारी २०२६

ता. क. १९९९ मध्ये नवा संघ भरायला लीगनं तुम्हाला इतर संघांच्या नको असलेल्या खेळाडूंची यादी दिली होती, त्यातून हवे ते उचला म्हणून. त्या यादीत सेंट लुईसचा एक क्वार्टरबॅक होता, काही वर्षांपूर्वी आयोवात किराणा दुकानात फळ्यांवर माल लावणारा. ब्राउन्सनी तो घेतला नाही. त्याच मोसमात कर्ट वॉर्नरनं सेंट लुईसला सुपर बोल जिंकून दिला. वडिलांना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी विचारलं, "भाव काय होता?" म्हटलं, "काहीच नाही, नुसतं नाव सांगायचं होतं." फोनवर बराच वेळ ते काही बोलले नाहीत.